काचेपलीकडे ऐकू गेलेलं

एमआरआयच्या खोलीबाहेर तो वडिलांच्या बोटातली अंगठी ओढत होता, आणि ती काही निघेना. मशिन चालवणारी बाहेर आली, तिने बोटाला दोरा गुंडाळला आणि अंगठी अलगद सरकवून काढली.

"सवय दिसते," तो म्हणाला.

"रोज दोन-चार जणांच्या काढते."

"आणि घालता कुणाच्या?"

विचारून झाल्यावर त्याचेच कान लाल झाले. तिने हसू ओठांत दाबलं...

वडील वर्षभरापासून गोष्टी विसरू लागले होते, म्हणून मेंदूचे फोटो काढायचे होते. काचेमागे बसून ती पडद्यावर एकेक फोटो पाहत होती. मन अजून बाहेरच रेंगाळलेलं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला ती म्हणाली, "म्हाताऱ्याचं दुकान बंद व्हायला आलंय गं. मुलगा मात्र गोड आहे."

मग तिला दिसलं — आतल्या माणसाशी बोलायचा माईक चालूच होता. काचेपलीकडे म्हाताऱ्याच्या पायांची बोटं आखडली होती.

बाहेर आल्यावर त्यांचे डोळे ओले होते. "कुणीतरी काहीतरी बोललं रे," ते मुलाला म्हणाले. "काय ते... आठवत नाही."

मुलाने तिच्याकडे पाहिलं.

"मशिनचा आवाज काहींना सोसत नाही," ती म्हणाली, आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन दिवसांनी तो रिपोर्ट न्यायला आला. "चहा घ्याल का माझ्याबरोबर?" त्याने विचारलं. तिला हो म्हणायचं होतं. तिने मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं.

त्याने खिशातून पेन काढलं. मग कागदावर घरचा पत्ता लिहिला. "मला नाही. त्यांना सांगा."

संध्याकाळी ती गेली. म्हातारबाबांनी ओळखलं नाही, पण खुर्ची पुढे सरकवली. तिने आपलं वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे ते खरंच कुणी बोललं होतं?"

"मीच बोलले. चुकलं माझं."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं सांगितलंस, पोरी. मला वाटत होतं, आता कानांवरही भरवसा उरला नाही."

तो तिला कोपऱ्यापर्यंत सोडायला आला.

"परत याल?" त्याने विचारलं.

"कुठल्या तोंडाने येऊ?"

"ह्याच," तो म्हणाला, आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच तिने मान वर केली.