घर दाबू नका

वाट चुकलेला माणूस वाट विचारायला शिरला, तो नेमका वाट दाखवणाऱ्या यंत्रांच्या दुकानात! आता याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. ठकूनं तर त्याला आधीच तीनदा पाहिलं होतं. चिखलानं माखलेली जीप, खिडकीतून बाहेर काढलेली मान आणि चौकाला घातलेल्या प्रदक्षिणा.

"इथे पंक्चर काढणारा कुठे बसतो हो?"

"तीनदा त्याच्या दारावरून गेलात," ठकू म्हणाली. "आता गेलात तर तो चहाच विचारेल."

तो कानापर्यंत लाल झाला... आणि मग खळखळून हसला. स्वतःवर असं हसणारा माणूस ठकूला फारसा भेटला नव्हता. दुकानात येणारे पुरुष बहुतेक सगळे सर्वज्ञच असायचे.

ठकू म्हणजे दुकानमालकांची भाची. कागदोपत्री नाव वेगळं, पण घरात आणि बाजारात सगळ्यांची ठकूच. दुकान जीपच्या सामानाचं : टायर, दोरखंड, जास्तीचे दिवे आणि आडरानात वाट दाखवणारी जीपीएस यंत्रं. टायर मामाचे, यंत्रं ठकूची, अशी दोघांची वाटणी होती. वर माडीवर घर, तिथे मामीचं राज्य.

आणि तो? तो जनावरांचा डॉक्टर, नुकताच बदलून आलेला. त्याचा दवाखाना घाट चढून गेल्यावर, डांबरी रस्ता संपतो तिथे. आणि रोगी त्याच्याही पुढे, पठारावर चरत हिंडणारे.

"मग तुम्हाला यंत्र हवंच," ठकू म्हणाली.

"मोबाईल आहे की."

"पठारावर रेंज येते?"

"नाही."

"मग तो तिथे तोंड बघायला बरा."

डॉक्टरनं मुकाट्यानं काउंटरवरचं सगळ्यात मोठं, चकचकीत पडद्याचं यंत्र उचललं. मामाचे डोळे चमकले. ठकू मात्र म्हणाली, "कामाचे हातमोजे आहेत ना खिशात? घाला. आता दाबा."

त्यानं जाडजूड हातमोजा चढवून पडद्यावर बोट दाबलं, घासलं, ठोकलं. पडदा ढिम्म हलेना.

"आता जरा दारात या, उन्हात."

उन्हात तर त्या पडद्यावर फक्त त्याचं स्वतःचं नाकच दिसायला लागलं.

मग ठकूनं खालच्या कप्प्यातून एक बुटकं, जाडं, बटणांचं यंत्र काढलं. उन्हात स्वच्छ दिसणारं, पाण्यात पडलं तरी चालणारं, साधे सेल घालता येणारं. नकाशा यंत्राच्या पोटातच, चढउताराच्या रेषांसकट, त्यामुळे रेंज असो नसो.

"दिसायला अगदीच..." डॉक्टर कुरकुरला.

"कायमची सोबत करायची तर दिसणं बघू नये," ठकू बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

"तेही खरंच," तो यंत्राकडे न बघता म्हणाला. "पण दिसायलाही छान असलं, तर बिघडतं थोडंच?"

मामा उगाचच खोकला.

ठकूची एक पद्धत होती. यंत्र विकायचं तर आधी ते स्वतः चालवून बघायचं. दुकानाच्या पायरीवर उभं राहायचं, यंत्राला आभाळातले उपग्रह सापडेपर्यंत थांबायचं आणि तीच जागा 'घर' म्हणून साठवायची. मग मागच्या बोळातून लांबवर जायचं, 'घर' बटण दाबायचं आणि बाण बघत परत यायचं. गिऱ्हाईकालाही सोबत न्यायचं. परत आलं की ते 'घर' पुसून यंत्र कोरं करून द्यायचं.

त्या दिवशीही दोघं बोळात गेले. वाळत घातलेल्या चादरींखालून वाकून जाताना डॉक्टरनं एक चादर तिच्यासाठी हातानं वर धरली... एवढंच, पण ठकूला उगाचच बोळ अरुंद वाटायला लागला.

"आता 'घर' दाबा."

त्यानं दाबलं. बाण सरळ समोरच्या भिंतीत घुसला होता.

"हे तर मला भिंतीवर आपटायला निघालंय!"

"हेच तर लक्षात ठेवा," ठकू गंभीर झाली. "आडवाटेला हा बाण फक्त सरळ बघतो. भिंत, नाला, कडा, त्याला काही म्हणजे काही दिसत नाही. ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. आणि धुक्यात अडकलात तर 'घर' दाबण्यापेक्षा 'आल्या वाटेनं परत' दाबा. गेलात तिथूनच बिनबोभाट परत आणेल."

"मला एवढं नाही लक्षात राहायचं. हरवलो की घर दाबायचं, बस्स!"

पायरीवर पाय ठेवताच यंत्र वाजलं — टिंग! पोचल्याची खूण.

"एक विचारू?" डॉक्टर म्हणाला. "इतकं सगळं सांगता... तुम्ही कधी पठारावर गेलात?"

ठकू पिशवी शोधायला लागली. ती गेली नव्हती. साऱ्या जगाला आडवाटा शिकवणारी ही पोरगी, डांबर सोडून तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"या मग एकदा," तो हळूच म्हणाला. "मी नेतो. यंत्र आहेच."

"बघू," ती कशीबशी म्हणाली, यंत्र पिशवीत घातलं आणि त्याच्या हातात दिलं. तो गेला, तरी ती दाराकडे बघत उभीच!

त्यानंतर डॉक्टरच्या तक्रारींना ऊत आला. दोरी तुटली. सेलचं झाकण सैल झालं. एकदा तर म्हणे, बाण उलटा दाखवतो!

"डॉक्टर, यंत्र उलटं धरलंय तुम्ही."

"अच्छा, असं होय!"

"या डॉक्टरांचं जनावरांच्या बाबतीत तरी बरं चालतं ना?" मामीनं माडीवरून विचारलं, आणि ठकूनं हसू दाबायला फडकं तोंडावर धरलं.

आणि मग तो दिवस उजाडला. सकाळीच त्याचा फोन आला. पठारावर कळपात साथ आहे, एकटाच चाललोय, परत येताना दुकानावरून येईन. "तुम्ही पठारावर कधी येताय ते आज ठरवून टाकू," असंही म्हणाला. ठकूची सकाळ गाणं गुणगुणण्यात गेली.

दुपारी डोंगरावर धुकं उतरलं. बघता बघता दुकानामागचा पठाराचा कडा दिसेनासा झाला.

ठकू एका गिऱ्हाईकाचं यंत्र तपासून पायरीवर आली होती. टिंग! सवयीनं तिचं बोट 'पुसा'वर गेलं... आणि तिथेच थिजलं.

डॉक्टरचं पुसलं होतं का?

तिनं आठवून पाहिलं. चादर आठवली. 'मी नेतो' आठवलं. पिशवी आठवली. पुसल्याचं काही केल्या आठवेना. कारण पुसलंच नव्हतं!

त्याच्या यंत्रात 'घर' म्हणजे दुकानाची ही पायरी. दवाखाना पठाराच्या एका टोकाला आणि दुकान दुसऱ्या टोकाला, कड्याच्या बरोबर खाली. धुक्यात त्यानं 'घर' दाबलं, की बाण त्याला सरळ... 'हरवलो की घर दाबायचं, बस्स!' तिनं फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. पठारावर कुठली आलीय रेंज?

"मामा! जीप काढ!"

"अगं, या धुक्यात?"

"मी चुकलेय रे मामा... त्याचं काही झालं ना, तर मी..."

मामानं तिच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि चावी घेतली. एरवी रिकाम्या रस्त्यावरही भोंगा वाजवत जाणारा भित्रा माणूस, पण त्या दिवशी तो डोळ्यांत तेल घालून घाट चढला. ठकू शेजारी यंत्र छातीशी धरून बसली होती. तो दोन आठवडे ती बटणं विचारायला येत होता आणि आपण नुसतं हसत होतो, हेच तिला राहून राहून टोचत होतं.

दवाखान्याला कुलूप. त्याची जीप नाही. समोर डांबर संपलेलं आणि पुढे नुसतं पांढरं.

ठकू खाली उतरली. दवाखान्याच्या दारात उभी राहून तिनं यंत्रात 'घर' साठवलं. एकही बटण चुकलं नाही.

"मामा, तू भोंगा वाजवत राहा. मी चाकांच्या खुणा धरून जाते. फार पुढे जायची नाही."

"ठकू—"

"घाबरू नको. मला हे येतं."

आणि तिनं डांबर सोडलं. ओलं गवत पोटऱ्यांना लागत होतं, पायाखालची माती भुसभुशीत होती. चार पावलं टाकायची, यंत्र बघायचं, हाक मारायची. "डॉक्टर! डॉक्टर!" धुक्यात हाक बुडून जात होती. मागून मामाचा भोंगा केविलवाणा ओरडत होता. देवा, एवढा एकदा त्याला धडधाकट आण... पुन्हा कधी कुणाचं यंत्र तपासताना माझं लक्ष ढळायचं नाही.

मग कुठूनतरी घरघर ऐकू आली. धुक्यात दोन पिवळे ठिपके उमटले. हळूहळू मोठे झाले. आणि चिखलानं माखलेली ती जीप गोगलगायीच्या चालीनं समोर येऊन थांबली.

"ठकू? तुम्ही? इथे?"

ठकूचा जीव भांड्यात पडला. आणि पडला तो असा, की तिला एकदम रडूच फुटलं, आणि रडता रडता राग आला.

"मूर्ख आहेस तू! कशाला गेलास एकटा? घर दाबलं असतंस तर कड्यावरून गेला असतास! आणि माझ्यामुळे गेला असतास! मी पुसलंच नव्हतं रे... घर पुसायचं राहून गेलं माझ्याकडून..."

डॉक्टर जीपमधून उतरून तिच्यासमोर उभा राहिला होता. बोलणी खातोय आणि चेहरा तर असा, की जत्राच लागली आहे.

"'तू' म्हणालीस मला," तो म्हणाला.

"काय?"

"अहो-जाहो गेलं की."

"विषय बदलू नकोस!"

"बरं, नाही बदलत. हे बघ." त्यानं खिशातून ते बुटकं यंत्र काढलं. पडद्यावर दोन नावं होती : 'दवाखाना' आणि 'घर'. "पहिल्याच संध्याकाळी कळलं मला. घर दाबलं, तर बाण भलतीकडेच. नकाशा मोठा करून बघितला, तर तुमची पायरी. म्हणून दवाखाना वेगळा साठवला. आणि आज धुक्यात तू सांगितलेलंच केलं... आल्या वाटेनं परत."

"म्हणजे तुला बटणं येतात सगळी?"

"येतात."

"आणि बाण उलटा दाखवतो म्हणून आला होतास ते?"

"काहीतरी सांगून यायला नको होतं का?"

ठकूनं ओढणीनं डोळे पुसले. हसावं की त्याच्या डोक्यात यंत्र घालावं, तिला कळेना.

"मग कळलं तेव्हा ते घर पुसलं का नाहीस?"

आता डॉक्टर अडखळला. दुकानात टवाळी करणारा हा माणूस, धुक्यात एकदम शाळकरी पोरासारखा गोरामोरा झाला.

"संध्याकाळी... काम संपलं की मी ते दाबायचो. तू किती लांब आहेस ते दाखवतं ना."

"वेड्या, रोज तेवढंच दाखवणार! दुकान काय चालत येतंय?"

"माहीत आहे. तरी बघायचो." मग तो एका दमात म्हणाला, "मला तू आवडतेस, ठकू. पायरीवर उभं राहून तू आभाळाकडे बघत होतीस ना, तेव्हापासून. पुसू आता ते घर? तू म्हणशील तसं."

ठकूनं यंत्र त्याच्या हातातून घेतलं, त्याच्या खिशात परत घातलं आणि खिशाचं बटण लावलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मलाही आवडतोस तू. कधीचाच."

मागून भोंगा अजून वाजतच होता. बिचाऱ्या मामाला कुणी सांगितलंच नव्हतं!

दोघं जीपमध्ये बसले. ठकू बाण बघून वाट सांगत होती, तो चालवत होता आणि मध्येच एखाद्या खड्ड्यात दोघांचे खांदे आपटत होते. कुणीही सरकून बसलं नाही.

डांबर लागल्यावर डॉक्टरनं 'घर' दाबून यंत्र पुन्हा खिशात टाकलं, आणि दिवेलागणीला सगळे दुकानापाशी पोचले. मामी पायरीवरच उभी होती, हातात चहाची किटली.

"सापडले का हो डॉक्टर?"

"डॉक्टर सापडले," मामा जीपमधून उतरत म्हणाला. "पण आपली ठकू गेली हातची."

"ती कधीच गेली होती. तुम्हाला आज दिसलं."

ठकू कुठे बघावं ते न कळून चपला काढायला वाकली. डॉक्टर चिखलाचे पाय झटकत झटकत पायरी चढला आणि त्याच्या खिशातून आवाज आला — टिंग!

"अगबाई, हे काय वाजलं?" मामीनं दचकून विचारलं.

"काही नाही, मामी," डॉक्टर म्हणाला. "मी पोचलो."