लाल पानामागची धून

व्हायोलिनवाली आत आली ती भाऊजींच्या टेबलाला वळसा घालून थेट वहिनींसमोर जाऊन बसली.

भाऊजींच्या पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली. तपासाची ही कचेरी त्यांनी काढलेली, दारावर पाटी त्यांच्या नावाची, आणि येणारा जो तो विचारणार, "बाई आहेत का?" थोरल्या भावाची बायको म्हणून मदतीला घेतलं, तर ही गत.

"माझी साइट उघडली की लाल पान येतं," व्हायोलिनवाली म्हणाली. "'सावधान! या साइटवर घातक सॉफ्टवेअर आहे.' गिऱ्हाइकं पळाली. संगीत विद्यालयाला मुलांसाठी नवी व्हायोलिनं हवी आहेत. माझी घ्यायची की माझ्या जुन्या गुरुजींची, ते प्राचार्य आज संध्याकाळी ठरवणार. हे काम हातचं गेलं तर कारखान्याला टाळं लागेल."

भाऊजींनी लगेच स्वतःच्या फोनवर साइट उघडली. लाल पान आलं आणि पाठोपाठ व्हायोलिनच्या सुरांनी खोली भरून गेली.

"आधी हा आवाज बंद कसा करायचा ते सांगा," भाऊजी वैतागले.

"असू दे हो, छान आहे," वहिनी म्हणाल्या. "वाजवतंय कोण?"

"ताई. माझी मोठी बहीण. मी बनवलेलं पहिलं व्हायोलिन आहे ते."

"साइटचा पासवर्ड कोणाकडे असतो?"

"माझ्याकडे, साइटवाल्याकडे आणि ताईकडे. गिऱ्हाइकांना उत्तरं तीच देते."

वहिनींनी पर्स उचलली. "चला, भाऊजी."

साइटवाला तीन पडद्यांसमोर बसून चहा ढवळत होता. "तपासणी केली मी. साइटमध्ये घातक असं काही सापडत नाही, तरी लाल पान येतंच. ब्राउझर कंपनीनं चुकून नाव यादीत टाकलं असणार. फेरतपासणीचा अर्ज केलाय, उत्तराची वाट बघतोय."

"त्या पानावर धून वाजते, ती ऐकलीत?"

"माझ्या मशीनचा आवाज कायम बंद असतो. आणि त्या धुनेचं नाव काढू नका! लोक कंटाळतात, काढून टाका, असं पहिल्या दिवसापासून सांगतोय. मागे मी पान बदललं तेव्हा धून आपोआप गेली, तर केवढं रणकंदन! शेवटी ती पुन्हा कशी लावायची ते या बहिणींच्या घरी जाऊन शिकवून आलो."

"हाच!" जिन्यात भाऊजी कुजबुजले. वहिनी नुसत्या हसल्या. भाऊजींना ते हसणं मुळीच आवडलं नाही.

म्हातारे गुरुजी लाकडाची फळी उजेडात धरून तिच्या रेषा बघत होते. "जळतो का म्हणून विचारताय? जळतो की! माझ्याकडे रंधा धरायला शिकली आणि आज माझीच गिऱ्हाइकं पळवते. तिची साइट आजारी पडली म्हणे. बरं झालं! पण मला फोनवर नातवाचा फोटोसुद्धा धड उघडता येत नाही."

"मग हेच," भाऊजी बाहेर येऊन म्हणाले. "कबूलच केलं की."

"जळतो म्हणाले. केलं म्हणाले नाहीत."

कारखान्यात ताई एका नव्या व्हायोलिनच्या खुंट्या पिळत बसली होती. तिच्या हातून सूर लागल्याशिवाय एकही वाद्य दाराबाहेर जात नसे.

"मला त्या साइटमधलं काय कळतंय?" ती म्हणाली. "सगळी धाकटीची हौस. हिचा फोटो, हिच्या हातांचा फोटो, हिच्या रंध्याचासुद्धा फोटो आहे बघा!" हसता हसता तिनं खुंटी जरा जास्तच पिळली. तार तटकन तुटली.

वहिनींनी व्हायोलिनवालीला बोलावलं, साइटवाल्यालाही बोलावून घेतलं आणि रंध्याच्या भुशातच स्टूल ओढून बसल्या.

"खरा इशारा ब्राउझर देतो. तो माणसाला दाराशीच अडवतो, साइट उघडूच देत नाही. म्हणजे आतलं चित्र दिसायला नको आणि आतलं व्हायोलिन ऐकू यायला नको. भाऊजींना मात्र त्या आवाजाचा त्रास झाला. म्हणजे साइट उघडत होती. ते लाल पान इशारा नाहीच, साइटमध्येच लावलेलं चित्र आहे. खऱ्या इशाऱ्यासारखं हुबेहूब."

साइटवाल्यानं कपाळावर हात मारला. "आणि मी अर्ज करून बसलो!"

"तुम्ही आवाज बंद ठेवून बसलात. आता, हे पासवर्डाशिवाय होत नाही, म्हणजे गुरुजी सुटले. बाहेरचा चोर घुसला म्हणावं, तर त्याला गिऱ्हाइकं फसवायची असतात, पळवून लावून त्याला काय मिळणार? हिनं स्वतःचाच धंदा बुडवायचं कारण नाही. राहिले दोघं. पान बदललं की धून जाते. लाल पानावर ती पुन्हा कोणीतरी मुद्दाम लावली. साइटवाल्यांना तर ती नकोशीच होती."

भाऊजींना आत्ता कुठे कळलं, आणि कळल्यावर ताईकडे बघवेना.

"तुम्ही सगळं झाकलंत, ताई," वहिनी हळूच म्हणाल्या. "स्वतःचं वाजवणं तेवढं झाकवलं नाही तुम्हाला."

ताईनं तुटलेली तार बोटाला गुंडाळली. "रंध्याचा फोटो आहे," ती म्हणाली. "माझं नावसुद्धा नाही."

"मग मागायचं ना!" धाकटी ओरडली. "घरचीच म्हणून मी..."

"घरचीच," ताई म्हणाली. "येणारा जो तो तुझे हात बघतो. मी जळले गं. फार जळले."

साइटवाल्यानं तिथेच बसून लाल चित्र काढून टाकलं. धाकटीनं प्राचार्यांना फोन लावला.

"साइट बरी झाली? छान," प्राचार्यांचा मोठा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "खरं सांगू? लाल पान आलं तेव्हा मी घाबरलो, पण बंद करवेना. धून संपेपर्यंत तसाच बसून राहिलो. वाद्यं तुमचीच घ्यायची, पण एक सांगा, वाजवतंय कोण?"

धाकटीनं ताईकडे पाहिलं. रागानं तिचा चेहरा अजून लालच होता.

"माझी थोरली बहीण," ती म्हणाली आणि फोन ताईच्या हातात कोंबला. ताईनं तो कानाला लावला; तुटलेली तार अजून बोटाला गुंडाळलेलीच होती.

परत येताना भाऊजींच्या पोटातलं दुखणं काही पुरतं गेलं नव्हतं. सगळं उकललं ते शेवटी वहिनींनीच. पण 'भाऊजींना त्रास झाला' म्हणून धागा सापडला, हे चारचौघांत सांगितलं, तेही त्यांनीच.

कचेरीच्या दाराशी ते पाटीकडे बघत उभे राहिले.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. रंगाऱ्याला बोलवायला हवं."

"चांगली तर आहे पाटी."

"एक नाव राहिलंय," भाऊजी म्हणाले आणि किल्ली शोधायला खिसे चाचपू लागले.