चार नंबरचं सरोवर

नकाशा टेबलावर पसरला आणि त्याची टोकं गुंडाळली जाऊ नयेत म्हणून ताईने चारी कोपऱ्यांवर बशा ठेवल्या, तेव्हा तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "तंबू तिघांचाच घ्यायचा. ताईला मोजू नका, ती पाण्याला फक्त बाटलीत भेटते."

भावजय हसली. ताईही हसली. अकरा वर्षं, धाकट्याचं कुटुंब दर उन्हाळ्यात इथे येऊन इथूनच पुढे सहलीला निघे, आणि दर उन्हाळ्यात ती अशीच हसत आली होती.

ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. उत्तरेच्या सरोवरांतून दर आठवड्याला नमुन्यांच्या बाटल्या येत, बाटलीवर नाव नसे, नुसता आकडा. कोणत्या पाण्यात किती ऑक्सिजन विरघळलेला, कोणतं पाणी वादळानंतर किती दिवस गढूळ राहतं, हे तिला घरातल्या माणसांच्या स्वभावांसारखं पाठ होतं. त्या पाण्याच्या काठावर मात्र ती कधी उभी राहिली नव्हती. नकाशावर तेच आकडे तिने पेन्सिलीने लिहून दिले होते.

"पहिला मुक्काम सात नंबरवर," धाकटा म्हणाला.

"तिथे नको. दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो, सगळं शेवाळ पूर्वेच्या काठाला येऊन साचतं, आणि तंबूंची जागा नेमकी तिथेच आहे. बिट्टीच्या अंगाला खाज सुटेल. चारवर जा. तिथे पंधरा फूट खोल पाण्यातला दगडसुद्धा दिसतो."

"तू पाहिलास, आत्या?" आठ वर्षांच्या बिट्टीने विचारलं.

"नाही गं. आकड्यांवरून कळतं."

"मग चल ना. नुसती काठावर बस. तुला कोण ढकलतंय?"

"मला पाण्याची भीती वाटते."

हे वाक्य ती पहिल्यांदा बोलली त्या महिन्यात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. धाकट्याला दुसऱ्या गावी नोकरी लागली होती, त्याचं लग्न ठरलं होतं. आणि ताईला, तिसऱ्यांदा अर्ज केल्यावर, सरोवरांवरच्या केंद्रात जागा मिळाली होती... नावेतून फिरायचं, नमुने स्वतःच्या हाताने भरायचे. दोघांपैकी एकाने थांबणं भाग होतं. "तू जाणार असशील तर मी थांबतो," धाकटा म्हणाला होता. तो मनापासूनच बोलत होता, पण त्याचा चेहरा इतका उतरला होता की तिला ते पाहवलं नाही. "छे रे, रोज नावेत कोण बसणार? मला पाण्याची भीती वाटते." त्याने ते तत्काळ मानलं. मग ते खोटं सांभाळायला हवं होतं, म्हणून ती साध्या पोहण्याच्या तलावावरही पुन्हा गेली नाही.

"खोटं."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा बोलत होते. झटक्यानंतर त्यांचा एकेक शब्द दम खाऊन बाहेर पडे.

"काय खोटं, बाबा?" धाकट्याने विचारलं.

"ती... पोहायची. शाळेत असताना. तू लहान होतास... तलाव, आरपार. मला माहीत होतं."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"ती गेली असती... तर माझं कोण?" ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

असा क्षण आला तर आपलं अंतःकरण हलकं होईल, अशी ताईची कल्पना होती. तसं झालं नाही. ते ओझं आपण एकटीने वाहिलं, असं ती समजत आली होती; पण त्याचं दुसरं टोक बाबांच्या हातात होतं, आणि त्यांनी ते कधीच खाली ठेवू दिलं नव्हतं...

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"बाबा, मी थांबलेच असते," ती म्हणाली. आवाज तिला वाटलं होतं त्याहून शांत निघाला. "पण तुम्ही एकदा 'थांब' म्हणायला हवं होतं. मला कुणीच तसं म्हटलं नाही."

बाबांनी तिचा हात धरला. "चुकलो," ते म्हणाले. "आता... जा."

"मीसुद्धा एकदाच विचारलं," धाकटा नकाशाकडे बघत म्हणाला. "तू नाही म्हणालीस, मी सुटलो. परत विचारायची हिंमत केली नाही. तंबू तिघांचाच घेऊ, पण तुम्हा तिघींसाठी. मी थांबतो बाबांजवळ."

"तुला जमायचं नाही."

"शिकव मग."

"यांना शिकवायचं म्हणजे दोनदा सांगा, ताई," भावजय डोळे पुसत म्हणाली. "एकदा सांगितलेलं आमच्या घरात कधी पोहोचलेलं नाही."

तिने शिकवलं. बाबांना साधं पाणी चालत नसे, ते श्वासनलिकेत जाई. पेल्यात पूड घालून ते मधासारखं दाट करायचं. पाठ ताठ, हनुवटी छातीकडे, अर्धा चमचा. गिळल्याचा पहिला आवाज ऐकून फसायचं नाही, दुसऱ्याची वाट पाहायची. धाकट्याने सगळं लिहून घेतलं.

संध्याकाळी तो पेला घेऊन बाबांच्या खोलीत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं. ताई बाहेर उभी राहिली. चमचा पेल्यावर वाजला. मग खोकला आला. एकदा, आणि लगेच पुन्हा, जरा ओला. तिचा हात दारावर गेला.

"थांबा, बाबा. मान खाली. घाई नाही आपल्याला," आतून धाकट्याचा आवाज आला. आवाज कापत होता, क्रम मात्र बरोबर होता.

ताईने दार ढकललं नाही. खोकला विरत गेला, मग काही क्षण काहीच ऐकू आलं नाही... आणि बाबा म्हणाले, "अजून... एक."

ती आपल्या खोलीत गेली. माळ्यावरची पिशवी काढून तिने झटकली आणि पलंगावर उघडून ठेवली. आजवर किती जणांच्या पिशव्या तिने भरून दिल्या होत्या. स्वतःच्या पिशवीत पहिल्यांदा काय ठेवायचं, हे तिला बराच वेळ सुचलं नाही.