दुसऱ्या चर्चमध्ये बघा

गल्लीत त्यांना सगळे छिन्नीकाका म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी दगडावर अक्षरं कोरली होती, थडग्यांवर, कोनशिलांवर, स्मारकांवर. बायको गेली तशी त्यांनी अवजारांची पेटी पलंगाखाली सरकवली आणि खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या बघायचा उद्योग आरंभला. हे काही खरं नाही, असं लेकीच्या मनाने घेतलं. ती शाळेत इतिहास शिकवायची. गुरुवारी दुपारनंतर तिला मोकळीक असे. अशाच एका गुरुवारी ती यादी घेऊनच आली.

"शहरात एकोणीस जुनी चर्चेस आहेत बाबा. शिवाय चौकाचौकांतली स्मारकं. दर गुरुवारी एक बघायचं. तुम्ही मला अक्षरं समजावून सांगायची, मी फोटो काढायचे."

"आणि चहा कोण पाजणार?"

"अक्षरं आवडली तर मी. नाही आवडली तर तुम्ही."

छिन्नीकाकांनी चष्मा चढवून यादी वाचली. सातव्या ओळीवर नदीकाठचं चर्च होतं. तिथे त्यांची नजर अडखळली.

"हे राहू दे," ते म्हणाले. "तिथला दगड माझ्याच हातचा आहे. आपणच रांधायचं आणि आपणच वाखाणायचं, शोभत नाही."

लेक हसली आणि तिने त्या ओळीवर काट मारली.

पहिलं चर्च बंदराजवळचं होतं. बाहेर उन्हाचा रखरखाट होता, पण आत शिरताच अंगावर ओल्या मातीच्या माठासारखा गारवा आला. डाव्या भिंतीत भुऱ्या दगडाची उंच पाटी होती आणि तिच्यावर बुडालेल्या खलाशांची नावं. छिन्नीकाका खुलले.

"हा कारागीर डावखुरा होता बघ. त्याचे सगळे काने उजवीकडे कललेत. आणि इथे, या नावाशी, त्याला भूक लागली असणार. घाई केलीय."

लेकीला हसू आलं. फोटो काढायला ती जवळ गेली आणि तिने विचारलं, "बाबा, ही चकाकी कसली?"

दगड सगळा मळकट होता, पण नावांवरून, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोटभर रुंदीचा एक पट्टा गुळगुळीत झाला होता. देवळाच्या उंबऱ्यासारखा. हत्याराचं काम नव्हतं ते. छिन्नीकाकांना हत्याराची खूण अंधारातही कळली असती.

"एक बाई येते," मागून चर्चचा रखवालदार म्हणाला. "एकेका नावावरून बोट फिरवते. हात लावू नका म्हणून सांगितलं, तर म्हणाली, वाचता येत नाही हो, जुळवून बघते. हातात एक कागद असतो तिच्या."

"कधीपासून येते?" लेकीने विचारलं.

"मी लागलो तेव्हापासून. बावीस वर्षं झाली."

छिन्नीकाका दगडापासून मागे सरले. चहा त्यांनी अर्धाच प्यायला. पाय दुखतात, असं लेकीला सांगितलं.

पुढच्या गुरुवारी ते टेकडीवरच्या चर्चमध्ये गेले. तिथला दगड दोनशे वर्षांपूर्वीचा, कुठल्याशा लढाईत पडलेल्या शिपायांचा. पट्टा तिथेही होता. छिन्नीकाकांनी नको नको म्हणतानाही त्यावर बोट ठेवलं. गार दगडात तेवढाच पट्टा कोमट होता.

फुलदाण्या लावणारी बाई म्हणाली, "आत्ताच गेली की ती. पाच मिनिटंही झाली नसतील. बिचारी मला म्हणाली, एवढं नाव इथे आहे का बघा. कागद पुढे केला. घड्यांवर चिरलेला, आणि अहो, कोरा! अक्षर म्हणून उरलेलं नव्हतं. पण तोंडावर कसं सांगायचं? मी म्हटलं, इथे नाही हो."

"मग?" लेकीने विचारलं.

"म्हणाली, बरं. दुसऱ्या चर्चमध्ये बघते."

छिन्नीकाका जवळच्या बाकावर बसले. लेक पाणी आणायला धावली. आणि अडतीस वर्षं ज्याच्यावर त्यांनी दगड ठेवला होता, ते सगळं तेवढ्या वेळात वर आलं.

नदीकाठी चामड्याच्या हातमोज्यांचा कारखाना होता. एका दुपारी तो जळाला. शिवणकाम करणाऱ्या बायका-मुली आत अडकल्या. स्मारकाचा दगड छिन्नीकाकांकडे आला, कारखान्याने नावांची यादी पाठवली. वय बत्तीस, हातात कसब, डोक्यात हवा. दगड भिंतीत बसला, अनावरणाला दोन दिवस उरले, आणि ते अक्षरांतली धूळ झटकत असताना ती बाई आली. पन्नाशीची, राखी रंगाची शाल घेतलेली. तिने कागद उघडला. त्यावर कोणीतरी ठसठशीत अक्षरांत एक नाव लिहून दिलं होतं. ते दगडाशी धरून ती एकेक ओळ खाली सरकत गेली. शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर तिचं बोट थांबलं.

"माझ्या मुलीचं नाव नाही यात," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. आपलंच काही चुकलं असेल, असा आवाज होता.

त्यांनी कागदावरचं नाव वाचलं. हे नाव यादीत त्यांनी पाहिलं होतं. दोन ओळींच्या मधून नजर घसरली होती. पण आता कबूल करायचं म्हणजे भिंत फोडायची, दगड काढायचा, शहरभर छी-थू.

"दुसऱ्या चर्चमध्ये बघा," ते म्हणाले. "नावं वाटून दिलीत."

तिने धुळीने भरलेल्या त्यांच्या हातांना नमस्कार केला आणि ती निघाली. घरी येऊन त्यांनी यादी शेगडीत घातली. उघडूनही बघितली नाही. बायकोला कधी सांगितलं नाही. आणि ते नाव, काही केल्या, आज आठवत नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी ताप असल्याचं सांगितलं. लेकीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "ताप नाहीये. चला." तिला आता त्या बाईचा ध्यास लागला होता. "आपण तिला शोधू या बाबा. ते नाव तिला नीट लिहून देऊ. तुम्ही आणि मी मिळून हे एवढं करू शकत नाही?"

बाजारातलं चर्च मोठं होतं, दोन्ही बाजूंना जाड खांबांची रांग. दुपारचे तीन वाजले होते. रंगीत काचांतून निळं-तांबडं ऊन फरशीवर सांडलं होतं. मेणाचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी कसलातरी. छिन्नीकाकांनी नाक वर केलं. तापलेल्या चामड्याचा वास.

मग आवाज ऐकू आला. दगडावर बोट घासत असल्याचा. घासायचं, थांबायचं. घासायचं, थांबायचं.

टोकाच्या भिंतीशी कोणीतरी पाठमोरं उभं होतं. राखी शाल.

"बाबा, तीच!" लेक कुजबुजली आणि पुढे गेली.

छिन्नीकाका खांबाआड सरले.

सत्तरीचा माणूस, चोरासारखा खांबाला चिकटून उभा राहिला. चष्मा दगडावर घासला तरी हलला नाही. लेकीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग पावलं वाजली. खांबाच्या पलीकडून, हाताच्या अंतरावरून, शाल सरसरत गेली. तेवढ्यात त्यांना बोलता आलं असतं. एवढंच म्हणायचं होतं, चूक माझी आहे.

त्यांनी डोळे मिटून घेतले.

पावलं थांबली. खांबाच्या त्या बाजूला, बरोबर त्यांच्या समोर, थोडा वेळ कोणी उभं राहिलं.

मग पावलं दाराकडे गेली.

लेक परत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "मी नाव विचारलं, तर तिने तो कोरा कागदच पुढे केला. मग कोणी पाठवलं तुम्हाला, म्हणून विचारलं. म्हणाली, दगडाचं काम करणारा माणूस होता, हात धुळीने पांढरे. भला होता, म्हणाली. एवढ्या कामात माझ्याशी बोलला. भला! बाबा, त्या माणसाला रात्री झोप तरी कशी येत असेल?"

छिन्नीकाका चष्मा पुसू लागले.

"आणि एक विचित्रच," ती पुसटशी शहारून म्हणाली. "मी आजी म्हणून हाक मारायला गेले. पण आजी कसली? पन्नाशीची असेल. केस अजून काळे आहेत."

चर्चच्या पायरीवर बसून त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. खांबाआड लपलो, तेही सांगितलं. रस्त्यावरून माणसं जात होती, समोर कोणीतरी सायकलचं चाक दुरुस्त करत होतं. लेक ऐकत राहिली. त्यांना वाटलं, ती ओरडेल. ती ओरडली नाही. तिने फक्त त्यांच्या हातातला आपला हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला. ते त्यांना फार लागलं.

मग ती म्हणाली, "उद्या मी रजा टाकते. नऊला तयार राहा. पेटी घ्या."

नदीकाठच्या चर्चचे फादर नवे होते, वयाने लेकीएवढेच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जुनी वही काढली. तिच्यात कारखान्यातल्या मृतांची नावं होती, पण ती या दगडावरूनच उतरवलेली. दगडावर नाही ते वहीत नव्हतं. कारखाना कधीच बंद झाला होता. छिन्नीकाका दगडापुढे उभे राहिले. इथे तो गुळगुळीत पट्टा नव्हता. शहरातल्या दगडांवर तिचं बोट फिरलं होतं, पण या एका दगडाला ती पुन्हा शिवली नव्हती. त्यांनीच सांगितलं होतं, इथे नाही.

"नाव कळत नसेल तर कोरणार काय?" फादरनी विचारलं.

छिन्नीकाकांनी खडूने शेवटच्या नावाखाली लिहून दाखवलं: आणि एक मुलगी. तिचं नाव मी वगळलं.

"दगडावर 'मी' कोणी लिहीत नाही, काका."

"म्हणून तर लिहायचंय."

त्यांनी छिन्नी धरली. अक्षरं पूर्वीसारखी आली नाहीत. काने कलले, एक ठोका जास्तच बसला आणि अनुस्वाराचा टवका उडाला. लेक शिडी धरून उभी होती. तिसऱ्या दिवशी काम संपलं. खाली उतरताना तिने त्यांना हात दिला, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

गुरुवारी दोघं ओळीत रंग भरायला गेली. फादर दारातच भेटले.

"सकाळी एक बाई आली होती," ते म्हणाले. "थेट तुमच्या नव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, एवढं वाचून दाखवा. मी दाखवलं."

छिन्नीकाकांनी दाराची चौकट धरली. "रागावली?"

"छे. बराच वेळ ओळीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, यात एक कमी आहे. मला वाटलं, अक्षराबद्दल बोलतेय. तर मान हलवून म्हणाली, 'आगीत एकटी कुठे होती ती? मायलेकी होतो आम्ही.'"