डॅनीची टोपी

"वेळेवर यायचं म्हणून या माणसाला ठाऊकच नाही," चंपाबाई मगदूम म्हणाल्या. "सहा वेळा भेटला, सहाही वेळा उशीर. वर दात काढून म्हणतो, सॉरी, ट्रॅफिक. अहो, चालत येणाऱ्याला कसलं आलंय ट्रॅफिक?"

डॉ. नंदिता ओगले हसल्या. तक्रार डॅनीबद्दल होती, आणि डॅनी नावाचा हा माणूस जगात कुठेच नव्हता. सांगलीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेने बनवलेला तो इंग्रजीचा धडा होता.

भाषा शिकवत बसायचं नाही. ती बोलून झाल्याची आठवणच मेंदूत लावायची. या तंत्राला स्मृतिरोपण म्हणत. बारा मिनिटं कपाळाला पट्टी बांधली की एखादा प्रसंग आपल्यावरच गुदरल्यासारखा आठवू लागे, त्यातल्या इंग्रजीसकट. शब्द पक्के बसतात ते फजितीत आणि हसण्यात. आणि माणसाची खरी फजिती होते ती पहिल्यावहिल्या भेटींत. म्हणून धडे सगळे डेटचे. डेट म्हणजे काय, ते चंपाबाईंनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं : पोहे न देता उरकलेला बघण्याचा कार्यक्रम.

दुसरीतच शाळा सुटलेल्या, हळदीच्या गिरणीवर चाळीस बायांना धाकात ठेवणाऱ्या त्र्याहत्तर वर्षांच्या चंपाबाई या खटाटोपात पडल्या त्या इरासाठी. इरा म्हणजे टोरांटोतली सहा वर्षांची नात. तिला मराठी येत नव्हती. आजवर दोघी फोनच्या पडद्यावर एकमेकींना नुसता हात हलवत. गेल्या चार दिवसांत मात्र इराने पडलेला दात दाखवला, शाळेतली भांडणं सांगितली, आणि काल म्हणाली, "ग्रॅनी, डोन्ट गो यट."

आज सातवा दिवस. लावलेलं रोप संध्याकाळी पाच वाजता कायमचं धरणार होतं, मग ते काढता येणार नव्हतं. त्याआधी ही शेवटची तपासणी.

"कॉफी सांडल्याचा धडा सांगा, आजी."

"सांगते की. मिरजेला, स्टेशनसमोर. ह्याच्या हातून कप कलंडला, माझं हिरवं लुगडं भिजलं. मी रडकुंडीला आलेली आणि हा हसतोय! मग डोक्यावरची टोपी काढून तिनंच पुसलं. म्हणाला, आय ॲम सो क्लमझी."

डॉक्टरांची बोटं थांबली. "टोपी?"

"पांढरी. कडक इस्त्रीची."

"आजी, डॅनीला टोपी नाही. तो कागदी रुमालानं पुसतो. आणि मिरज आमच्या कुठल्याच धड्यात नाही."

"मग टोपी कुणाची?"

डॉक्टरांनी पडद्यावर मेंदूचा नकाशा उघडला.

"माणसाचा चेहरा, आवाज, वास, सगळं मेंदूत एका नावाला बांधलेलं असतं," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही तिला नावगाठ म्हणतो. यंत्र मोकळी जागा शोधतं. जिथे नावगाठ नाही तिथले धागे सुटे समजून त्यांना डॅनी बांधतं. तुम्ही यजमानांना नावानं कधी..."

"नवऱ्याला नावानं हाक मारायला मी काय आजकालची पोरगी आहे? घरात अहो, चारचौघांत हे. अख्खा संसार त्यावर झाला."

"यंत्राला 'हे' म्हणजे कुणीच नाही असं वाटलं."

डॉक्टरांनी फॉर्मवरून नाव वाचलं. "रायगोंडा."

"आहे की गिरणीच्या पाटीवर. ते गेल्यापासून रोज पुसते मी ती पाटी." चंपाबाईंनी डोळे मिटले. गिरणी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा बटण कुणी दाबलं? डॅनीनं. पोरगा जन्मला तेव्हा बाहेर येरझारा कोण घालत होतं? "थांबा. लग्नात घेतलं होतं मी त्यांचं नाव. जन्मात एकदाच. हळदीच्या रानात पाणी वाहतं गार, डॅनीरावांचं नाव घेते, सोडा आता दार."

त्यांचा हात तोंडावर गेला. कुणालाच हसू आलं नाही.

"काढा त्याला."

"काढता येईल. पण इंग्रजी मुळासकट जाईल, पुन्हा लावता येणार नाही. आणि डॅनी उठला की खाली यजमान सापडतीलच असं नाही. जागा रिकामीही राहील." डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "वीस मिनिटं आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. तिकडे सकाळ, इराची शाळेला जायची वेळ.

"ग्रॅनी! गेस व्हॉट!"

चंपाबाईंनी ऐकून घेतलं. मांजरीला पिल्लं झाली होती, तीन. मग म्हणाल्या, "इरा, लिसन. टुमॉरो, ग्रॅनी विल नॉट अंडरस्टँड यू. सो यू लर्न वन वर्ड. से, आजी."

"व्हाय?"

"से इट."

"आ-जी."

"गुड गर्ल. नाऊ गो. यू विल बी लेट."

फोन त्यांनी पालथा ठेवला आणि कपाळ पुढे केलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली. काढायचं तर डॅनीला एकदा समोर आणावं लागे.

मिटल्या डोळ्यांपुढे आज पहिल्यांदाच तो वेळेवर आला होता. खुर्चीत बसून हसत होता. डोक्यावर पांढरी टोपी.

"डॅनी," चंपाबाई मोठ्यानं, मराठीत म्हणाल्या, "माणूस तू वाईट नाहीस. मला बोलतं केलंस. पण त्या जागेला नाव नव्हतं, म्हणून काही ती मोकळी नव्हती. ह्यांची टोपी काढ, ठेव तिथंच, आणि ऊठ."