सगळ्यात थंड वाट

बर्फातून धूर निघत होता.

शाल्मलीने जहाजाच्या खिडकीची काच बाहीने पुसली आणि पुन्हा पाहिले. नजर पोहोचेल तिथपर्यंत समुद्र गोठून पांढरा पडला होता. त्या पांढऱ्या मैदानावर एक वाकडीतिकडी काळी रेघ उमटली होती आणि तिच्यातून करड्या धुराचे लोट वर चढत होते. काल संध्याकाळी तिथे काहीच नव्हते. धुराच्या पलीकडे तिची आई होती.

ती धावतच प्रयोगशाळेत शिरली. "आत्या, बाहेर काहीतरी पेटलंय."

'हिमयात्री' हे संशोधन-जहाज त्या वर्षी अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ मुद्दाम बर्फात गोठवून ठेवले होते. वर्षभर बर्फाबरोबर राहायचे आणि समुद्र व हवा यांचे आपापसांत काय चालते ते पाहायचे, असे ठरले होते. एवढ्या लांब मुक्कामाच्या मोहिमांवर तोवर मुलांनाही नेऊ लागले होते. बारा वर्षांच्या शाल्मलीची आई हेमांगी हवेचा अभ्यास करायची, तर आत्या, म्हणजे डॉ. कुमुद नेरूरकर, समुद्राचा. एप्रिल महिना होता. घरी कुडाळला बाबा घामाघूम होत असतील. इथे मात्र हिवाळा तोंडावर आला होता.

आईचा मनोरा (वारा, तापमान आणि हवेतली वाफ मोजणारी यंत्रे बसवलेला उंच खांब) जहाजापासून बराच दूर बर्फावर उभा होता. त्याचे एक यंत्र बंद पडले होते, म्हणून उजाडताच आई आणि यंत्रे सांभाळणारे लोबोकाका तिकडे गेले होते.

"पेटलेलं नाही," खिडकीबाहेर बघत आत्या म्हणाली. "वाफ आहे ती."

"वाफ? बाहेर उणे अठ्ठावीस आहे."

"म्हणूनच. समुद्राचं पाणी किती थंड असेल?"

"शून्य."

"त्याच्याही जरा खाली, उणे दोनच्या आसपास. मीठ असल्यामुळे ते शून्यावर गोठत नाही. आता सांग, उणे दोन आणि उणे अठ्ठावीस, यांत ऊबदार कोण?"

"समुद्र," शाल्मली म्हणाली. स्वतःचेच उत्तर तिला चमत्कारिक वाटले.

"या हवेच्या मानाने समुद्र म्हणजे चुलीवरचं आधण. बर्फ हे त्याच्यावरचं झाकण. वाऱ्याने बर्फ ओढला, झाकण तडकलं आणि हिमभेग (समुद्रावरच्या बर्फाला पडलेली लांब चीर) तयार झाली. आता तिथून ऊब आणि वाफ दोन्ही बाहेर पडताहेत. वाफ थंड हवेत शिरली की तिचं लगेच धुकं होतं. आपल्याला ते धुरासारखं दिसतं."

आत्याचे बोलणे शांत होते, पण तिचा हात एव्हाना रेडिओकडे गेला होता. तिने बटण दाबण्याआधीच रेडिओ खरखरला.

"कुमुदताई, ऐकू येतंय का?" आईचा आवाज होता. "मनोरा आणि जहाज यांच्या मधोमध बर्फ फुटलाय. आम्ही पलीकडे अडकलोय. बर्फ हलला तेव्हा लोबो पडले, त्यांचा घोटा मुरगळलाय. बाकी ठीक आहोत."

"वहिनी, आहात तिथेच थांबा. मी कप्तानांशी बोलते."

कप्तान आले. त्यांनी धुक्याकडे पाहिले आणि मान हलवली. अशा गोठत्या धुक्यात हेलिकॉप्टरच्या पात्यांवर बर्फ चढतो. त्यामुळे जहाजावरचे हेलिकॉप्टर सोडता येणार नव्हते. पुढची बातमी त्याहून वाईट होती. दुपारनंतर जमिनीकडून वादळ येणार होते. ते आले की आई उभी होती तो बर्फाचा तुकडा मोकळ्या समुद्राकडे ढकलला जाणार होता.

शाल्मली सगळे ऐकत होती. तिला कुणी बाहेर जा म्हटले नाही आणि बस असेही म्हटले नाही. ती खिडकीपाशी गेली, दाराशी आली, पुन्हा खिडकीपाशी गेली. बर्फही स्वस्थ नव्हता. मध्येच जहाजाच्या बाजूवर तो करकरायचा, कण्हल्यासारखा आवाज यायचा आणि पायाखालची फरशी थरथरायची.

हळूहळू धुके विरळ झाले.

"भेग मिटली," शाल्मली म्हणाली. "आत्या, धूर थांबला. आता त्यांना येऊ दे."

"मिटलेली नाही. तिच्यावर पातळ साय धरलीय. साय धरली की वाफ अडते, म्हणून धुकं थांबतं. पण तो बर्फ माणसाचं वजन पेलणार नाही."

"मग साय सोडून दुसरीकडून यायचं."

"साय दिसली तर ना." आत्याने दुर्बीण तिच्या हातात दिली. वारा सुटला होता. जमिनीलगत भुरभुरणारा बर्फाचा भुगा सगळीकडे पसरला होता. काळी रेघ कुठेच नव्हती. जुना, माणूसभर जाडीचा बर्फ आणि आत्ताच धरलेली साय, दोन्ही सारखेच पांढरे दिसत होते.

आईजवळ टोकदार सळई होती. पाऊल टाकण्याआधी बर्फ टोचून बघता आला असता. पण भेग सरळ नव्हती, तिला फाटे फुटले होते आणि लोबोकाकांना धड चालता येत नव्हते. टोचत टोचत वाट शोधायला जो वेळ लागला असता, तेवढा वादळ देणार नव्हते.

आत्याने टिटवीला पाठवले. टिटवी म्हणजे चार बारीक पायांचा यंत्रमानव. तिचे वजन कोंबडीएवढे, त्यामुळे पातळ बर्फावरूनही ती तुरुतुरु पळायची. रोज ती बर्फावरचे सील प्राणी मोजून यायची. तिच्या डोळ्यातले चित्र प्रयोगशाळेतल्या पडद्यावर उमटले. पांढरे, नुसते पांढरे.

"फरक दिसत नाही," टिटवीने एकसुरी आवाजात कळवले.

"पोरी, स्वयंपाकघरातून काहीतरी गरम आण," आत्या म्हणाली. तिला काही प्यायचे नव्हते. शाल्मलीच्या येरझाऱ्या तिला बघवत नव्हत्या, एवढेच.

शाल्मली एका हातात सुपाचा स्टीलचा पेला आणि दुसऱ्या हातात चहाचा थर्मास घेऊन परत निघाली. अर्ध्या वाटेत तिची बोटे भाजली. तिने पेला जिन्याच्या पायरीवर ठेवला आणि बोटे थर्मासला लावली. थर्मास बाहेरून गार होता.

आत तर चहा उकळता होता.

ती तिथेच थांबली. पेला पातळ, म्हणून आतली ऊब बाहेर येते आणि बोट भाजते. थर्मास उष्णतारोधक (उष्णता सहज बाहेर जाऊ न देणारा), म्हणून आतली ऊब आतच राहते आणि बाहेरून तो गार लागतो. दोन्हींच्या आत गरमच आहे. बाहेर हात लावला की कळते, मधली भिंत कशी आहे ते.

बर्फाच्या खाली सगळीकडे तोच समुद्र होता.

पेला पायरीवरच राहिला. "आत्या, टिटवी सील कसे शोधते?"

"उष्णतेच्या डोळ्याने. थंड बर्फावर सील ऊबदार दिसतो. का?"

"तो डोळा चालू कर."

"आत्ता सील कशाला?"

"सील नाही, बर्फाची जाडी बघायची. जिथे बर्फ पातळ, तिथे समुद्राची ऊब वर येत असेल, या सुपाच्या पेल्यासारखी." हातात पेला नाही हे तिच्या लक्षात आले, पण ती थांबली नाही. "जिथे जाड, तिथे थर्मासासारखं. वरून एकदम थंड. भुग्याने रंग लपला असेल, पण ऊब थोडीच लपणार?"

 आत्या टेबलाशी वाकली. "थोडी लपेल. भुग्याचा थर जाड असता तर बरीच लपली असती. पण आत्ता तो पातळ आहे." तिने कळ फिरवली.

पडद्यावरचे पांढरे चित्र विरघळले. गडद निळ्या मैदानावर उबेच्या पिवळ्या शिरा उमटल्या. एक रुंद, तिला फुटलेले दोन फाटे, आणि पुढे एका जागी दोन जुने तुकडे एकमेकांवर चढून रेटले गेले होते. तिथे पिवळा रंग तुटला होता. मध्ये निळ्या रंगाची अरुंद पट्टी होती, काळपट निळी.

"सगळ्यात थंड तिथे आहे," शाल्मली म्हणाली. "तिथूनच यायचं."

आत्याने कप्तानांना बोलावले. दोघांनी टिटवीला त्या पट्टीवरून दोनदा फिरवले. मग आत्याने रेडिओ उचलला. "वहिनी, टिटवी तुमच्याकडे येतेय. तिच्या पावलावर पाऊल टाका. तरी प्रत्येक पावलाआधी सळई टोचायचीच. आम्ही समोरून माणसं आणि घसरगाडी घेऊन निघतो."

"वाट कशी सापडली?"

"ते तुमची लेक सांगेल."

शाल्मलीला मात्र जहाजावरच थांबावे लागले. ती पडद्यासमोर उभी राहिली. टिटवी चहूकडे बघत होती आणि संगणक तिच्या चित्रांचे तुकडे जोडून वरून पाहिल्यासारखा नकाशा काढत होता. निळ्यावर दोन लहान पिवळे ठिपके सरकत होते. एक दुसऱ्याच्या खांद्याला धरून होता. वारा वाढला तसे चित्र थरथरू लागले. निळ्या पट्टीच्या मध्यावर ठिपके आले आणि त्यांच्या उजवीकडे एक नवी बारीक पिवळी रेघ फुटली. बर्फ पुन्हा हलला होता.

शाल्मलीने रेडिओचे बटण दाबले. "आई, उजवीकडे फुटतंय. डावीकडे सरक. डावीकडे थंड आहे."

 ठिपके जागीच थांबले. मग सावकाश डावीकडे वळले.

"सळई लागतेय. घट्ट आहे," आईचा आवाज आला. तिला धाप लागली होती. "पुढे काय आहे?"

"पुढे सगळं निळं. ये."

समोरून आलेले ठिपके त्या दोघांना भिडले आणि सगळ्यांचा मिळून एकच पिवळा पुंजका झाला, तेव्हा शाल्मली खाली बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसली होती.

आई आत आली तेव्हा तिच्या पापण्यांवर बर्फ होता.  तिने हातमोजे काढले आणि शाल्मलीचे दोन्ही गाल धरून ठेवले. हात दगडासारखे गार होते. शाल्मलीने ते दूर केले नाहीत.

वादळ दोन दिवस घोंघावले. आईचा मनोरा वाहून गेला. पण भेग उघडी होती तोवर त्याने पाठवलेली मोजमापे जहाजावर पोहोचली होती. आई ती पुन्हा पुन्हा बघायची.

"इतकुशी चीर," ती शाल्मलीला म्हणाली, "पण तेवढ्याच जागेच्या जाड बर्फातून जितकी ऊब वर येते, त्याच्या कितीतरी पट ऊब इथून वर आली. तिने हवा तापली, ढग झाले, वाऱ्याची चाल बदलली. आम्ही संगणकात पृथ्वी उभी करून पुढच्या हवामानाचा अंदाज बांधतो ना, त्यात अशा बारीक चिरा निसटतात. वरून बघावं तर धुकं आड येतं, जवळून बघावं तर भुगा, त्या मोजायच्या कशा तेच अवघड."

"टिटवीने मोजता येतील."

"हो. एका टिटवीने नाही, पुष्कळ लागतील. कुमुदताईंनी आजच मोहिमेच्या कार्यालयाला तसं कळवलंय."

वारा पडल्यावर जहाजाजवळच एक नवी चीर गोठली होती. आई शाल्मलीला जुन्या, भक्कम बर्फाच्या कडेपर्यंत घेऊन गेली. कोवळ्या बर्फावर पांढऱ्या पाकळ्यांची नाजूक फुले उगवली होती. वाफ गोठून ती तयार होतात, आई म्हणाली. लांब दांड्याच्या पळीने तिने एक फूल उचलून दिले. शाल्मलीने ते जिभेवर ठेवले आणि तोंड वाकडे केले.

"खारट."

"पाणी गोठतं तेव्हा मिठाला बाहेर काढतं. थोडं मीठ असं वर येतं."

"आणि बाकीचं?"

"खाली जातं. खारट पाणी जड, ते बुडतं. मग समुद्राच्या तळावरून सरपटत निघतं. त्यातलं काही हिंदी महासागराच्या तळापर्यंत पोहोचतं, पुष्कळ वर्षांनी."

"म्हणजे आपल्याकडे? कुठल्या वाटेने?"

"थोडं माहीत आहे, पुष्कळ माहीत नाही."

शाल्मली जहाजाकडे वळली. आई मागून हाका मारत होती, सावकाश चाल म्हणत होती. शाल्मली थेट कार्यशाळेत गेली. बांधलेला पाय स्टुलावर टाकून लोबोकाका टिटवीचा एक सांधा खोलत बसले होते.

"काका, हिला पोहायला शिकवता येईल? खूप खोल?"

लोबोकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला. त्यांनी टिटवीकडे पाहिले, मग शाल्मलीकडे.

"पाय काढावे लागतील," ते म्हणाले आणि पाना तिच्या हातात दिला. "पहिला तू काढ."