टिटवीला दिलेले गुण

जॉस हॅलमची आणि माझी ओळख झाली ती मी त्याची बिअर परत केली म्हणून.

मार्च सरत आला होता. बुरबुर लागलेली... टेकडी ओली, टेकडीवरची मेंढरं ओली, आणि बस चुकल्यामुळे स्टेशनापासून चालत निघालेली मी मानेपर्यंत ओली. जुन्या सूतगिरणीच्या तळमजल्यावर दिवा दिसला. दारावरच्या पाटीवर तुरेवाली टिटवी रंगवलेली. नवाच पब होता, बिअर तिथेच मागच्या खोलीत बनत होती. मी शिरले, अर्धा ग्लास घेतला, नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

पिंपं हलवणाऱ्या एका उंच माणसाला मी हळूच सांगितलं, हिला लोण्याचा वास येतोय, बदलून मिळेल का. त्याने हात पुसले, ग्लास घेतला आणि बराच वेळ हुंगला. मग काउंटरमागे जाऊन पंपावरची बिअरच्या नावाची पाटी भिंतीकडे फिरवली. म्हणजे ही बंद. त्या पिंपात अजून सत्तर ग्लास तरी होते.

"दोन दिवस घाई केली," तो म्हणाला. "मुरायला हवी होती. मीच बनवलीय."

मी ओशाळले. "तशी वाईट नव्हती हो..."

"वाईट होती. खरं बोललात ना, मग आता गोड करू नका."

त्याच्या भुवयांवर सातूचं पीठ बसलेलं होतं. हे मला घरी गेल्यावर, कपडे वाळत घालताना आठवलं. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं मी.

आमच्या डर्बीशायरमध्ये बिअर चाखणाऱ्यांची एक मंडळी आहे. तिचं दरवर्षी एक पुस्तक निघतं. कुठल्या गावात, कुठल्या पबात बिअर जीव लावून सांभाळतात, ते त्यात असतं. आम्ही पाच परीक्षक. स्वतःच्या खिशातून अर्धा ग्लास घ्यायचा, शून्य ते पाच गुण द्यायचे, उठायचं. पाचांत मी सगळ्यात कंजूष. साडेतीनच्या वर माझा हात कधी गेला नव्हता. दिवसा मी पाणी कंपनीच्या प्रयोगशाळेत नळाचं पाणी चाखते. तिथे जिभेने एकदा दगा दिला की सगळं गाव आजारी पडू शकतं, म्हणून जीभ जपायची सवय आहे मला.

आमच्या अध्यक्ष ऑल्ड्रेडबाई. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी मुळाक्षरं शिकवली, मलाही. एप्रिलमध्ये त्यांनी टिटवीचं, म्हणजे जॉसच्या पबचं, नाव काढलं. गिरणीच्या मालकाला तिथे राहायची घरं काढायची आहेत, त्या म्हणाल्या. पुस्तकात नाव आलं, टेकड्या चढायला येणारी माणसं तिकडे वळली, तर तो करार वाढवेल. नाहीतर सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला हॅलमने जागा सोडायची. हे जॉसने मला कधीच सांगितलं नाही. मी कोण आहे ते त्याला दुसऱ्याच भेटीत कळलं होतं, तरीही.

मी दर गुरुवारी जायला लागले. नियमाने महिन्यातून एकदा पुरे होतं...

तो विचारायचा, आज काय चुकलं. मी म्हणायचे, हॉप्सची ती कडू बोंडं जरा जास्त बोलतायत. तो म्हणायचा, तुमच्यापेक्षा जास्त तर नाही ना. मी नळाचं पाणी चाखते हे समजल्यावर तो हसत सुटला. म्हणजे दिवसभर पाणी पिऊन संध्याकाळी माझ्या बिअरला नावं ठेवता, चांगला धंदा आहे. मी म्हटलं, पाणी निदान उलट बोलत नाही. त्यावर तो माझ्याकडे बघत राहिला, आणि मी उगीच ग्लासातल्या फेसाकडे.

मे महिन्यात कुंपणं पांढऱ्या फुलांनी वाकली. एका गुरुवारी त्याने मला मागच्या खोलीत नेलं. मोठं भांडं उकळत होतं, खिडक्यांवर वाफ, वाफेत भाजक्या पावाच्या कडेसारखा दरवळ. त्याने नव्या हॉप्सची चार बोंडं तळहातांत चोळली आणि ओंजळ माझ्या नाकाशी धरली.

"डोळे मिटा. कसला वास येतो सांगा."

मी डोळे मिटले. संत्र्याची साल म्हणायला हवं होतं मी, कापलेलं गवत म्हणायला हवं होतं.

"...तुमच्या साबणाचा," मी म्हणाले.

तो हसला नाही. ओंजळही मागे घेतली नाही. "तुझं नाक बिघडलंय, ब्रायनी," एवढंच म्हणाला, अगदी हळू.

त्या दिवशी मी टिटवीला साडेचार गुण दिले.

बसमध्ये बसल्यावर मनात किडा शिरला. ते गुण बिअरचे होते की ओंजळीचे? पुढच्या मंगळवारी मी मुद्दाम गेले. जॉस सातू आणायला बाहेरगावी गेला होता. काउंटरवर त्याची बहीण होती. मी अर्धा ग्लास प्यायले. बरी होती. तीन. बुधवारी पुन्हा गेले. पिंप तेच, पंप तोच, फक्त काउंटरमागे तो होता. पुन्हा साडेचार. दोन्ही आकडे खाली-वर लिहिलेले बघत मी बसले. इतकी वर्षं जपलेली जीभ... आता ती माझी राहिली नव्हती.

जूनमधल्या शनिवारी वाचनालयात बैठक भरली. पुस्तकातली एकच जागा उरली होती. ती टिटवीला द्यायची, की गेल्या वर्षी नाव असलेल्या नदीकाठच्या एका पबला? बरोबरी झाली तर जुनं नाव कायम, असा नियम. दोघं टिटवीच्या बाजूचे, दोघं जुन्याच्या, हे चहाच्या वेळीच सगळ्यांना कळून चुकलं होतं. सगळं माझ्या हातावर आलं होतं. नुसता वर करायचा होता.

हात मोजण्याआधी बाईंनी दरवर्षीसारखं विचारलं, कुणाचे कुठे हितसंबंध असतील तर आत्ताच सांगा. दरवर्षी सगळे खिडकीबाहेर बघतात. मी उभी राहिले.

"बाई, माझा टिटवीत आहे."

"भागीदारी?"

"नाही."

"नातं?"

"...अजून नाही."

कुणाचा तरी चमचा बशीत वाजला. बाईंनी चष्मा काढला. "त्याला माहीत आहे हे?"

"नाही, बाई."

"म्हणजे त्याच्याआधी तू आम्हाला सांगतेयस."

"हो."

बाईंनी वहीत लिहून घेतलं. दोन ओळी लिहायला त्यांना बराच वेळ लागला. मग म्हणाल्या, "बस, पोरी. आणि हात खालीच ठेव."

दोन आणि दोन. जुनं नाव कायम.

मी तशीच चढ चढून गेले. दुपारची वेळ, पबमध्ये कुणी नव्हतं. जॉस ग्लास विसळत होता. त्याने माझा चेहरा बघितला आणि नळ बंद केला.

मी सगळं सांगितलं. दोन, दोन, आणि माझा खाली राहिलेला हात.

"बिअर वाईट होती?"

"मला माहीत नाही. तू समोर असलास की साडेचार, नसलास की तीन. माझ्या जिभेवर माझाच विश्वास राहिला नाही, जॉस. असं मत मी पुस्तकात कसं घालू?"

तो पाठ करून उभा राहिला. एकच ग्लास पुसत राहिला, कोरडा झाला तरी. खांदे ताठ.

"एक हात," तो म्हणाला. "एक हात वर केला असतास तर सप्टेंबर टळला असता."

"हो. टळला असता."

नियम सांगितला असता तर तो त्याला ठाऊक होता. क्षमा मागितली असती तर ती खोटी ठरली असती. बाहेर पाखरं ओरडत होती. मी गेले नाही.

ग्लास फळीवर ठेवून तो वळला. डोळे लाल होते, आवाज मात्र शांत. "म्हणजे आता तू गुण द्यायला येणार नाहीस."

"नाही. परीक्षकांतून नाव काढून घेतलं मी."

"मग आत्ता कशाला आलीस?"

"तहान लागली."

त्याने माझ्याकडे बघितलं... माझ्या उत्तराच्या पार पलीकडे बघावं तसं. मग पंपाला हात घातला आणि सवयीने अर्ध्या मापाचा ग्लास उचलला. मी म्हटलं, पूर्ण दे.

आमच्याकडे बार सांभाळणाऱ्याला कुणी वरचे पैसे देत नाही. माणूस आपला वाटला तर पैसे ठेवताना तीन शब्द म्हणतात. परीक्षकांना ते शब्द वर्ज्य, म्हणून सगळ्या गावाने ते उठता-बसता म्हटले तरी मी कधी, कुठेच म्हटले नव्हते. मी पैसे काउंटरवर ठेवले. दोन ग्लासांचे.

"आणि एक तुला."

पंपावरचा त्याचा हात थांबला. मग त्याने फळीवरून दुसरा ग्लास काढला, फेस बसेपर्यंत थांबून सावकाश काठोकाठ भरला, आणि दोन्ही ग्लास घेऊन काउंटरच्या या बाजूला आला, माझ्या शेजारच्या स्टुलावर.

सप्टेंबरला अकरा आठवडे होते. आम्ही घाई केली नाही.